डुकराची माळ

आमच्या घरात डुक्कर आधी शिवी म्हणून आला आणि जेवण म्हणून नंतर. आणला बाबांनीच. शिव्याही बहुतेक तेच आणायचे.

बाबा भातसा धरणावर फिटर होते आणि आम्ही भातसानगरच्या कॉलनीत राहायचो. मुंबईला पाणी पाजणारं धरण आमच्या डोक्यावर आणि आमच्या नळाला मात्र सकाळी तासभरच पाणी, अशी ती कॉलनी. आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये गोव्याचे एक ख्रिस्ती काका एकटेच राहायचे. ते धरणावरचे इलेक्ट्रिशियन. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "टाइम मिळाला नाय." टाइम त्यांना इतका असायचा की संध्याकाळी ते पायरीवर बसून समोरच्या डोंगराकडे बघत पेटी वाजवायचे. गोव्यात त्यांची थोरली बहीण होती. दर मे महिन्यात ते तिच्याकडे जायचे आणि पाऊस लागायच्या आत परत यायचे.

एका वर्षी ते परत आले आणि त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत लाल मण्यांची एक जाडजूड माळ लटकू लागली. प्रत्येक मणी आवळ्याएवढा, तेलकट, मध्ये दोरा बांधलेला. आई मुरबाडकडची, शेतकरी घरातली. दुसऱ्याच्या देवाचा मान राखायचा हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. ती मला म्हणाली, "त्यांच्या देवाची माळ असंल. बोट लावू नको. जाता-येता हात जोड."

मी आठवडाभर त्या माळेला हात जोडले.

मग एका रविवारी बाबा काकांचा पाना परत द्यायला म्हणून गेले ते जेवायची वेळ झाली तरी परतले नाहीत. आईनं मला बोलवायला पाठवलं. जाऊन बघते तर बाबा पाटावर मांडी घालून बसलेले, समोर ताट, आणि काका तव्यावर ती देवाची माळ कांद्याबटाट्याबरोबर परतत होते. खिडकीतली माळ अर्धी झाली होती. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. कोसळलं नाही. उलट असा वास सुटला होता की मी जिथं होते तिथंच खाली बसले.

"काय आहे?" मी विचारलं.

"सॉसेज," काका म्हणाले.

"म्हणजे?"

बाबांनी काकांकडे बघितलं, काकांनी बाबांकडे. "गोव्याचं सुकं मटण," बाबा म्हणाले. "खा."

काकांनी पावात दोन मणी दाबून मला दिले. लाल तेल कोपरापर्यंत ओघळलं. आधी आंबट, मग तिखट, मग खारट, आणि सगळ्यात शेवटी चरबीचा एक गोडसर तुकडा दातांखाली फुटला. मी तेव्हा सातवीत होते. आयुष्यात काय करायचं ते ठरलं नव्हतं, पण काय खायचं ते त्या दिवशी ठरलं.

घरी आल्यावर आईनं माझा हात हुंगला. "काय खाऊन आली गो?"

"काकांकडं सुकं मटण."

आईचा चेहरा उजळला. तिच्या माहेरी मटणाला हळदमीठ लावून दोरीवर वाळवायचे आणि पावसाळ्यात भाजायचे. शेजाऱ्याकडे सुकं मटण आहे आणि आपल्याला वाटीभर नाही, हे तिला लागलं. तिनं वाटी माझ्या हातात दिली. मी ती भरून आणली. आईनं तांदळाच्या भाकरीचा तुकडा मोडला, त्यात एक मणी गुंडाळला आणि तो तोंडाशी नेणार इतक्यात काका खिडकीतून मोठ्या सभ्यतेनं म्हणाले, "वहिनी, तुम्हाला पोर्क चालतं ते ठाऊक नव्हतं हां!"

आईचा हात हवेतच राहिला. "पोर्क म्हंजे काय गो?"

मला तेवढं इंग्रजी येत होतं. दुर्दैवानं.

वाटी अंगणात गेली, भाकरी तिच्या मागून गेली. आम्हा दोघांना नळाखाली उभं केलं गेलं, आणि नळाचं पाणी गेलेलं असल्यामुळे पिंपातल्या गार पाण्यानं आमची शुद्धी झाली. बाबा डोक्यावर तांब्या ओतून घेत म्हणत होते, "पोटात गेलंय ते, डोक्यावर काय राह्यलंय?" वाटी पेरूच्या झाडाखाली तशीच पडून राहिली. कॉलनीतल्या कुत्र्यानं ती इतकी चाटली की घासायची गरज उरली नव्हती, तरी आईनं ती पुन्हा घरात घेतली नाही.

त्यानंतर हा वाद आमच्या घरात वर्षानुवर्षं चालला. बाबा काही विद्वान नव्हते, पण वादात ते देवालाही सोडत नसत.

"अगं, देवानं सोता डुकराचा अवतार घेतलेला."

"म्हणून त्याला खायचा? लाज नाय वाटत?"

"मत्स्यावतार पण घेतला. बुधवारी बोंबील तळतीस तवा कुठं जातो तो?"

आई मग बुधवारचे बोंबील जरा जास्तच कडक तळायची.

आईची बाजू घ्यायला टोकावड्याहून मामा यायचा, आणि तिथं आईची बाजू हमखास पडायची. कारण मामाच्या गावी रानडुक्कर भातात शिरला की पुढे त्याचं काय होतं, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. आईनंही ते लहानपणी चाटूनपुसून खाल्लेलं. बाबांनी हे बाहेर काढलं की मामा खाकरायचा आणि समजावून सांगायचा, "दाजी, रानातला येगळा. तो कंदमुळं खातो. ऋषीमुनींचा आहार. गावातला काय खातो ते तुमी बघताच सकाळच्या पारी."

"गोव्याचा तसला नाय. तो काजूची बोंडं खातो."

"तुमी बघितला?"

"तू रानातल्याचं ताट बघितलं?"

शेवटी मामाला ती काजूची बोंडं खाणारी जात चाखून बघावी लागली. केवळ वाद मिटवायला म्हणून. तो काकांच्या पायरीवर बसला, एक मणी खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि पावानं तेल पुसून ताटली साफ केली. मग हात धुवून घरात आला आणि आईला म्हणाला, "ताई, हा काय डुक्कर नाय. ह्यो मसाला हाय."

आई एकटी पडली. मी तिला मदत करायचा एकदा प्रयत्न केला. शाळेत आम्हाला पट्टकृमी शिकवला होता. तो डुकराच्या मांसातून माणसाच्या आतड्यात येतो, तिथं पसरून बसतो आणि आपलं खाल्लेलं तोच खातो. पुस्तकात त्याचं चित्र होतं, घडी घातलेल्या नाडीसारखं. मी ते पान बाबांपुढे धरून मोठ्यानं वाचलं. आई विजयी मुद्रेनं दारात उभी.

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "शिजवल्यावर मरतो का हा?"

"हो. पूर्ण शिजवलं तर मरतो."

"मग मेल्यावर तो पण मटणच की."

काकांनी मात्र पुस्तक हातात घेऊन ते चित्र नीट बघितलं आणि त्या दिवसापासून सॉसेज दुप्पट वेळ शिजवायला लागले. खाताना ते नेहमी म्हणायचे, "खा रे, मरचो ना तूं," म्हणजे मरणार नाहीस तू. पण शिजवताना त्यांचा मरणावर पूर्ण विश्वास होता.

काका निवृत्त होऊन गोव्याला गेले तेव्हा मी कॉलेजला होते. ट्रकमध्ये त्यांचं सामान चढवून झालं आणि बाबा घरात येऊन रेडिओ उघडून बसले. तो बिघडलेला नव्हता. नंतर दोन वर्षं खिडकीत माळ नाही, संध्याकाळी पेटी नाही. बाबांनी कल्याणहून डब्यातली सॉसेज आणून बघितली, ती बोटासारखी गुळगुळीत, गुलाबी. एक खाऊन म्हणाले, "ही आजारी माणसाची." मग त्यांनी ठरवलं की आपणच करायची.

काकांनी जाताना तोंडी कृती सांगितली होती. मांसाचे तुकडे करायचे, मीठ लावून दाबून ठेवायचे, मिरची, लसूण, मसाला आणि माडाचं व्हिनेगर लावून मुरवायचे, आतड्यात भरायचे, उन्हात कडक वाळवायचे. बाबांनी सगळं लक्षात ठेवलं, फक्त ऊन विसरले. त्यांना गणपती विसर्जन झाल्यावर उमाळा आला. श्रावण झाला, गणपती झाले, आता कुणाची आडकाठी नाही. फक्त आभाळाची होती, आणि त्याला त्यांनी विचारलंच नाही.

आपल्या घरात करणं शक्य नव्हतं. म्हणून जागा टोकावड्याची, मामाचं पडवीतलं राज्य. मी सुट्टीत तिथं गेले होते म्हणून हे सगळं डोळ्यांनी बघितलं. मांस कल्याणहून आलं. आतडी मुरबाडच्या मटणवाल्याकडून, बकऱ्याची. ती धुवायला मामा आणि बाबा ओढ्यावर गेले आणि दोन प्रौढ माणसं फुग्यासारखी आतडी फुंकून कुठं भोक आहे ते बघत बसली. वाटेनं जाणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसत गेल्या. मग प्रश्न आला भरायचं कशानं. बाबांनी पिशवीतून आईचा पितळी सोऱ्या काढला. चकलीची चकती काढून रुंद भोकाची लावली, तिच्यावर आतड्याचं तोंड ओढलं आणि दांडा फिरवला. मला मान्य करावं लागेल की सोऱ्या या कामासाठीच जन्माला आल्यासारखा चालला.

माळ झाली. सुंदर झाली. पण बाहेर टोकावड्याचा पाऊस, डोंगरावरून ढग थेट ओटीवर येत होते. वाळवायची कुठं? मामानं चुलीवरच्या आडव्या बांबूला टांगली. धूर लागेल तेव्हा लागेल. चार दिवसांत तिच्यावर पांढरी लव आली.

"बुरशी आली," मी म्हटलं.

मामानं बोटानं लव पुसली. "ती मुरल्याची खूण. लोणच्यावर पण येते."

"लोणचं आपण फेकून देतो मामा."

"तुमी शिकलेली पोरं," मामा म्हणाला आणि तवा तापवायला ठेवला.

मामीनं आणि मी खाल्लं नाही. मला तोंडाला पाणी सुटलं होतं, पण नाकानं नाही म्हटलं. त्या दोघांनी सगळी माळ संपवली आणि बाबा म्हणाले की गोव्याची बरोबरी नाही, पण दिशा बरोबर आहे.

दिशा दुसऱ्या दिवशी सकाळी कळली. दोघंही आळीपाळीनं परसदारी धावत होते, मग आळीपाळ राहिली नाही. दुपारपर्यंत मामाचे ओठ सुकून पांढरे पडले आणि बाबांना उभं राहता येईना. तोपर्यंत मला हसू येत होतं. बाबांनी पाणी मागितलं आणि पेला त्यांच्या हातातून सुटला, तेव्हा मी घाबरले. रस्त्यावर जाऊन एक जीप थांबवली. मुरबाडपर्यंत मामा माझ्या खांद्यावर डोकं टेकून एकच सांगत होता, "मेलो तर डुक्कर खाऊन मेला नको सांगू. साप चावला सांग. तेवढी इज्जत ठेव."

दवाखान्यात डॉक्टरांनी दोघांना शेजारी-शेजारी खाटेवर टाकून सलाईन लावलं. "काय खाल्लं होतं?"

"भेंडी," बाबा डोळे मिटूनच म्हणाले.

"भेंडीनं असं होत नाही."

"शिळी व्हती," मामा म्हणाला.

मग मी सगळं सांगितलं. मांस, आतडी, पाऊस, लव. डॉक्टर ऐकत गेले. ते रागावतील असं मला वाटलं. ते बाबांच्या नाडीवर हात ठेवून म्हणाले, "अहो, मांस आतड्यात कोंबून ओलं ठेवायचं म्हणजे विष तयार करायचा कारखानाच काढला की. धुरावर टांगलं म्हणजे वाळलं असं नव्हे. नशीब म्हणून जुलाबावर निभावलं." आणि मग, दारापर्यंत जाऊन, वळून त्यांनी हळूच विचारलं, "व्हिनेगर कुठलं वापरलं होतं?"

निरोप मिळाल्यावर आई दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एसटीनं पोचली. आधी टोकावड्याला गेली होती, कपडे घ्यायला. ती वॉर्डात शिरली, नवऱ्याकडे बघितलं, भावाकडे बघितलं, दोघंही जिवंत आहेत याची खात्री केली आणि पिशवीतून सोऱ्या काढून दोघांच्या मध्ये ठेवला. त्याला अजून लाल मसाला चिकटलेला होता.

"ह्यातून मी दिवाळीला देवाच्या नैवेद्याच्या चकल्या पाडते," ती म्हणाली. आवाज अगदी खाली होता. बाबांनी दुसऱ्या कुशीवर वळायचा प्रयत्न केला, पण सलाईनची नळी होती.

त्या दिवाळीला आमच्याकडे चकल्या झाल्या नाहीत. बाबांनी स्वतःहून विषय काढला नाही.

निवृत्तीनंतर बाबांनी शहापूरला दोन खोल्या घेतल्या. तोवर सॉसेजचं खूळ उतरलं नसलं तरी पुरवठा आटला होता. काका वर्षातून एकदा कुणाबरोबर तरी माळ पाठवायचे आणि बाबा ती मागच्या गॅलरीत, स्वतःच्या स्टोव्हवर, स्वतःच्या वेगळ्या तव्यात करून खायचे. आई तेवढा वेळ देवळात जायची. एकदा बाबांना चक्कर आली. आईनं लगेच निदान केलं, "डुक्कर चढला डोक्यात." शहापूरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्तदाब बघितला, जास्त होता. मीठ, चरबी, मुरवलेलं मांस, सगळं बंद, असं सांगितलं. आई मान डोलावत होती. डॉक्टर म्हणाले, "आलाच आहात तर काकी, तुमचा पण बघू."

आईचा बाबांपेक्षा जास्त निघाला.

"मशीन बिघडली असंल," आई म्हणाली. परत बघितलं. मशीन ठणठणीत होती. डॉक्टरांनी तिला जेवणात काय काय असतं ते विचारलं. ती निरागसपणे सांगत गेली: पापड, कैरीचं लोणचं, सुके बोंबील, सुकट, खारवलेल्या मिरच्या. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. बाबा खुर्चीत बसून छताकडे बघत होते आणि त्यांचा ओठ थरथरत होता. रिक्षात बसेपर्यंत त्यांनी दम धरला. मग म्हणाले, "मत्स्यावतार भोवला."

 आईनं लोणच्याची बरणी शेजारणीला देऊन टाकली. नंतर ती रोज जेवायच्या वेळी काही ना काही मागायच्या निमित्तानं शेजारणीकडे जाऊन येऊ लागली.

काका गेल्याचा फोन आला तो डिसेंबर होता. हृदयाचा झटका, चर्चमधून घरी येताना रस्त्यात. डॉक्टरांनी त्यांना दोन वर्षांपूर्वीच सगळं सोडायला सांगितलं होतं, असं त्यांची बहीण फोनवर म्हणाली. "त्यानं सिगरेट सोडली, दारू सोडली. ते मात्र सोडलं नाही." आता हसायचं की काय करायचं ते मला कळेना. आम्ही इतकी वर्षं ज्याची थट्टा केली ते खरंच होतं.

बाबा गोव्याला गेले. परत आले तेव्हा त्यांच्या पिशवीत एक माळ होती. काकांनी स्वतः केलेली, त्यांच्याच खिडकीत वाळत असलेली. बहिणीनं काढून दिली. बाबांनी ती गॅलरीतल्या खिळ्याला अडकवली आणि तिच्याकडे बघितलंही नाही. एक दिवस गेला, दोन गेले. स्टोव्ह पेटला नाही. जेवताना ते वरणभात कालवायचे आणि तसाच ठेवून उठायचे. मी तेव्हा रजा काढून आले होते. "बाबा, करू का?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "नको. डॉक्टर नको म्हणतात." डॉक्टरांचं त्यांनी ऐकलेलं मी प्रथमच बघत होते, आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी दळण घेऊन आले तर घरात तो वास. मला वाटलं, बाबांनी स्टोव्ह पेटवला. पण बाबा पुढच्या खोलीत दारातच उभे होते, आत जायला घाबरल्यासारखे. स्वयंपाकघरात, देवघराला पाठ करून, आई गॅसजवळ उभी होती. तिच्या तव्यात. कांदा, बटाटा आणि लाल मणी. पदर नाकाला लावलेला होता.

"किती शिजवायचं ह्याला?" तिनं मागे न बघता विचारलं.

"भरपूर," बाबा म्हणाले. मग घसा साफ करून, "तो दुप्पट शिजवायचा."

आईनं झाकण ठेवलं. मणी शिजेपर्यंत ती गॅसजवळून हलली नाही. मग तिनं तीन ताटं घेतली, तांदळाची भाकरी वाढली आणि एक बाबांसमोर, एक माझ्यासमोर ठेवलं. बाबा खाली बसले. पहिला घास घेतला आणि चावता चावता रडायला लागले. तोंड भरलेलं असताना रडणारा माणूस दिसायला फार चमत्कारिक दिसतो. आईनं त्यांना पाणी दिलं आणि म्हणाली, "सावकाश खावा. ठसका लागंल."

मग ती स्वतः खाली बसली. ताटातला सगळ्यात लहान तुकडा शोधला, भाकरीत अगदी आत दडवला, डोळे मिटले आणि तोंडात टाकला. आम्ही दोघं खायचं थांबून तिच्याकडे बघत होतो. तिनं चावलं. गिळलं. पाणी प्यायली.

"कसं आहे?" मी विचारलं.

"मेल्या माणसानं केलंय," ती म्हणाली. "नाव ठेवायचं नसतं." आणि मग जरा वेळानं, बटाटा बाजूला सारत, "रानातल्यापेक्षा मऊ हाय."

बाबांनी त्या दिवशी तीनच मणी खाल्ले आणि उरलेलं मला दिलं. माळ संपायला महिना लागला. दर रविवारी आई थोडी थोडी करायची, दोघांच्या गोळ्या जेवायच्या आधी ताटाशेजारी काढून ठेवायची, आणि कपाळाला हात लावून पदर नाकाशी धरायची. शेवटच्या रविवारी मी फोन केला तेव्हा बाबा म्हणाले की आज आईनं पदर धरला नाही, विसरली बहुतेक. मागून आईचा आवाज आला, "सर्दी झाली व्हती, वास येत नव्हता."